सवाष्णीचं ताट

सेफ्टी पिन आतल्या बाजूनं टोचत होती. डाव्या कुशीत, बरगडीच्या जरा खाली… पिनेचं तोंड नीट बसलं नव्हतं, किंवा बसलेलं मघाशी वाकताना निसटलं होतं… आणि कालिंदी आरशासमोर उभी राहूनही ती नीट करत नव्हती. टोचतेय तर टोचू दे. टोचतेय म्हणजे पोलकं अंगाला सैल आहे, आणि पोलकं सैल आहे म्हणजे अजून सगळं आपल्या हातात आहे. मागच्या दिवाळीला शिवलेलं हे पोलकं. मापं घेताना शिंपी म्हणाला होता, बाई, कुशीत जरा माया सोडतो, पुढं लागली तर उसवता येईल. पुढं लागली तर! त्याच्या गळ्यातली टेप ओढून त्याच्याच तोंडावर फेकावी असं तिला वाटलं होतं. आता त्याच पोलक्याला दोन्हीकडून पिना लागतात, आणि एकदा दुकानात जाऊन त्याला हे दाखवून यावं असं तिला अधूनमधून वाटतं, इतकी ती मूर्ख आहे.

आज मात्र पिनेचा काही उपयोग नव्हता. आज जेवायचं होतं.

श्रावणातला शुक्रवार, आणि पलीकडच्या गल्लीतल्या झुंबरबाईंकडे सवाष्ण म्हणून बोलावणं. ती सवाष्ण आणि श्यामला कुमारिका, मायलेकी एकाच पंगतीला. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागली, हेडबाईंनी कारण ऐकून हसत हसत सही केली, म्हणाल्या, चांगलं आहे, पुरणपोळ्या खाऊन या. खाऊन या… जशी काही ती पुरणपोळीसाठी जिवाचा आटापिटा करून निघाली होती! सवाष्णीला नाही म्हणता येत नाही. सवाष्णीला उपास सांगता येत नाही, पानात टाकता येत नाही, घरी डब्यात घालून द्या असंही म्हणता येत नाही. त्या दिवशी ती त्या घरची देवी असते, आणि देवी अर्धपोटी उठली तर त्या घराचं वर्ष वाईट जातं असं मनापासून मानणारी माणसं समोर मांडी घालून बसतात आणि वाढतात.

बाकीचे दिवस तिनं उपासांनी सांभाळले होते. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवार अंबाबाईचा. मग एकादश्या, चतुर्थ्या, प्रदोष… पंचांगात शोधलं तर न जेवायला दिवस कमी पडत नाहीत. आणि उपासाला लोक खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू असं दुप्पट हाणतात, तसलंही काही नाही. बाईंचा उपास कडकडीत, हे सगळ्या राजारामपुरीला माहीत झालं होतं. सुरुवातीला एकच सोमवार होता. त्या सोमवारी संध्याकाळी तिला हलकं वाटलं होतं, डोकं स्वच्छ, अंग आपलंच असल्यासारखं, आणि शेजारची म्हातारी म्हणाली होती, तोंडावर काय तेज आलंय गं! तेव्हापासून कुणी तिला काही विचारलेलं नाही. देवासाठी वाळणाऱ्या बाईला डॉक्टरकडं कोण नेणार? उलट हळदीकुंकवाला बायका वाकून पाया पडतात, आणि ती पाय मागं घेत नाही. घ्यायला पाहिजेत, मला कळतं. मी देवाला फसवत नाही, त्याला माहीतच असणार; मी ह्यांना फसवते, आणि ह्यांना फसवून घ्यायला आवडतं.

आणि दुसरं एक कारण होतं तिला पुन्हा पुन्हा बोलावण्याचं, ते बायका हळू आवाजात बोलतात. सवाष्ण ठरवायची म्हणजे तिच्या अडचणीच्या तारखा बघाव्या लागतात; ऐन दिवशी बाजूला बसली तर पुरण वाटून ठेवलेल्या बाईनं करायचं काय? कालिंदीला मागच्या गौरीगणपतीपासून अडचण आलेली नव्हती. एकदाही नाही. झुंबरबाईंनी ते बरोब्बर हेरलं होतं. "आमच्या बाईंचं बरं असतंय," असं त्या चारचौघींत म्हणाल्या होत्या, "कवाबी हाक मारावी, न्हाई म्हनून न्हाई." सगळ्या हसल्या होत्या, कालिंदीपण हसली होती. अंगातला एक झरा आटून गेला होता आणि त्याचीच गल्लीला सोय झाली होती. ह्या वर्षात ती चार घरची देवी होऊन आली. नृसिंहनं, तिच्या नवऱ्यानं, पहिले दोन महिने काही विचारलं नाही. तिसऱ्या महिन्यात लाजत लाजत विचारलं, काही… बातमी वगैरे आहे का? ती नाही म्हणाली. त्याचा चेहरा उतरला, आणि मग त्यानं तो विषय वाचून झालेल्या पेपरासारखा घडी घालून ठेवून दिला.

त्याचा तरी काय दोष… आणि दोष नाहीच कसा?

श्यामला सहा महिन्यांची असताना ती बाळंतपण आटोपून गारगोटीहून परत आली होती, त्या दिवशी एस.टी. स्टँडवर हा न्यायला आला होता, बरोबर ऑफिसातले दोन मित्र. आईनं सहा महिने डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू खाऊ घातलेले, तुपाचा हात कधी आखडला नाही, आणि निघताना वर एक पितळी डबा भरून बांधून दिलेला. स्टँडवर ते वजनाचं यंत्र होतं, लाल-पांढरी तबकडी गरागरा फिरणारं. नृसिंह मुलगी बघून खुशीत होता, त्यानं कालिंदीला हाताला धरून त्याच्यावर उभं केलं, नाणं टाकलं, खालून कार्ड आलं, आणि त्यानं ते मोठ्यानं वाचलं. आधी वजन. मग मागचं भविष्य, घरी भरभराट होईल असं काहीतरी. "आलीच की भरभराट, आत्ताच उतरली गाडीतनं!" तो म्हणाला. तिघं हसले. एका मित्रानं विचारलं की वहिनी, ट्रक सांगायचा का टांगा चालेल? तीही हसली. कडेवर मूल, अंगावर दूध पाझरून पोलकं ओलं झालेलं, आणि ती हसली.

त्यात वाईट काही नव्हतं. हेच तर वाईट होतं, राग धरून बसावं इतकंसुद्धा त्यात नव्हतं. नृसिंहला विचारलं तर त्याला आठवणारही नाही. त्या रात्री जेवताना तिनं एक भाकरी कमी घेतली, एवढंच. मग अकरा वर्षं… आता गुरुवारी शाळा सुटली की ती वाकडी वाट करून स्टँडवर जाते, गर्दीत तोंड फिरवून यंत्रावर उभी राहते, आणि कार्डाची फक्त एकच बाजू बघते. आकडा कमी असला तर तो दिवस चांगला. नसला तर मुलांच्या वह्या तपासताना लाल रेघा जोरात पडतात. पाच-सहा पोरांनी ह्या आकड्यापायी मार खाल्ला आहे, हे कुणाला सांगायचं?

"आई, चल ना," श्यामला दारातून म्हणाली.

परकर-पोलकं घातलं होतं तिनं, जिजामाता रोडवरून आणलेलं खणाचं. परकराची नाडी इतकी आवळली होती की तिची टोकं गुडघ्यापर्यंत लोंबत होती. कालिंदीनं ती खोचून दिली. खोचताना बोटांना लागलं ते हाड, आणि तिनं हात झटकन काढून घेतला. जूनमध्ये शाळेचा फ्रॉक ढिला झाला तेव्हा पोर वाढते आहे, उंचीला जाते आहे, असं नृसिंह म्हणाला होता. डबा तसाच परत यायला लागला तेव्हा श्यामला म्हणाली, मैत्रिणींना दिला, पोळी शिळी वाटली, तास लांबला. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला कळलं होतं. आणि लपवू कशाला, तो ढिला फ्रॉक बघून पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. हिला कुणी यंत्रावर उभं करून हसणार नाही, असं वाटलं होतं. आई म्हणवते मी स्वतःला.

दोघी छत्रीतून निघाल्या. पाऊस असून नसल्यासारखा. गल्लीत रिक्षा, सायकली, भिजलेलं कुत्रं, कुणाच्या तरी घरातून पुरणात घातलेल्या जायफळाचा वास… तो वास आला आणि कालिंदीच्या तोंडाला पाणी सुटलं. ते तिनं गिळलं. तिला भूक लागत नाही असं गल्ली समजते. खरं म्हणजे तिला दुसरं काही होतच नाही, फक्त भूक लागते. वर्गात बाराखडी घेताना, देवळात, नृसिंह काही सांगत असताना तिच्या डोक्यात गरम भात असतो. इतकं जेवण तर झुंबरबाईसुद्धा मनात आणत नसतील!

झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. थोराड बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, शाहूपुरीत नवऱ्याचं इंजिनच्या सुट्या भागांचं दुकान, घरात तीन मुलगे, एक सून, आणि बोलणं असं की गल्लीच्या ह्या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं. त्या मजेत खातात. कालिंदीनं त्यांना लग्नाच्या पंगतीत पाहिलं होतं, बोटं चाटून, पुन्हा मागून, कुणाची फिकीर न करता, आणि त्यांची तिला किळस आली होती, आणि इतका हेवा वाटला होता की घरी येऊन ती रडली होती.

पाटावर उभं करून झुंबरबाईंनी तिच्या पायांवर दूध घातलं, मग कोमट पाणी. घोट्याभोवती त्यांचा जाड, उबदार हात फिरला आणि थांबला. जोडवी निसटू नयेत म्हणून कालिंदीनं त्यांना आतून दोरा गुंडाळला होता. झुंबरबाईंच्या अंगठ्याला तो दोरा लागला. त्यांनी मान वर करून पाहिलं… क्षणभर, फक्त एक क्षणभर, ती नजर देवीला बघायची नव्हती. एखाद्या आजारी गाईकडं बघतात तशी होती. कालिंदीला वाटलं, आता ही विचारणार. विचार बाई, एकदा कुणीतरी विचारा.

"पाय हाईत का काड्या, बाई?" त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच स्वतःला उत्तर दिलं, "उपासानं झिजलाय सगळ्या. आमच्यानं न्हाई व्हायचं असलं." आणि ओल्या पायांवर डोकं टेकवलं.

श्यामला शेजारच्या पाटावर उभी होती. ती हे सगळं बघत होती, तोंड किंचित उघडं ठेवून, नीट लक्षात ठेवल्यासारखं.

ताटं वाढली. काठोकाठ. पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, कटाची आमटी, दूध, भजी, कुरडई, वरणभात, दोन भाज्या, चटणी. सून वाकून वाकून वाढत होती आणि झुंबरबाई समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या दोघी प्रसादाला म्हणून आलेल्या, त्याही बसल्या. चार बायका दोन ताटांकडं बघत होत्या. सवाष्णीनं सुरुवात केल्याशिवाय कुमारिकेनं ताटाला हात लावायचा नाही, आणि सवाष्ण उठल्याशिवाय उठायचं नाही, अशी त्या घरची रीत. कालिंदीनं ताटाला हात जोडले, पोळीचा तुकडा मोडला. तिला ताटासमोर एक तास काढता येत होता आणि ताट मोडल्यासारखं दिसत होतं. ह्या कलेत ती इतकी तरबेज झाली होती की समोरच्या बाईला बाई पोटभर जेवल्या असंच वाटावं. पोळी मोडत राहायची, बोलत राहायचं, सुनेचं कौतुक करायचं, पुरण कसं मऊ वाटलंय विचारायचं… झुंबरबाई खुलल्या, डाळ कुठली, गूळ कुठला ते सांगायला लागल्या.

तेव्हा तिनं सहज शेजारी पाहिलं.

श्यामलानं आमटीची वाटी तोंडाला लावली होती. डोळे मिटून, चव घेतल्यासारखी. वाटी खाली ठेवली, ओठ पुसले. गळा हलला नव्हता. वाटीतली आमटी होती तेवढीच होती. मग तिनं पोळी मोडली, मोडलेल्याचे आणखी तुकडे केले, ते ताटात पसरले, एक इकडं, एक तिकडं, आणि सुनेकडं वर बघून म्हणाली की वैनी, पुरण किती मऊ झालंय.

कालिंदीच्या हातातला घास हातातच राहिला. तो आवाज… शब्द तर तिचेच होते, पण आवाज? ती गोड, जरा दमल्यासारखी, समोरच्याला खूश करणारी पट्टी, ती ह्या पोरीनं कधी उचलली? आपण शिकवलं नाही हिला. कधी म्हणजे कधी नाही शिकवलं. रोज समोर बसून फक्त करून दाखवलं, एवढंच. ते मनगट, त्याच्यावरची लाल काचेची बांगडी कोपराकडं घसरलेली, ते अंगठ्यानं तुकडा दूर सारणं… आरशात बघताना कालिंदीला स्वतःच्या अंगावर नेहमी अजून काढून टाकायला काहीतरी दिसायचं. ह्या मनगटावर काढायला काही नव्हतं. आणि तरी त्या मनगटाची मालकीण काहीतरी काढत होती.

"आईवर गेलीया बगा पोरगी," झुंबरबाई कौतुकानं म्हणाल्या. "खाण्यावर वासनाच न्हाई. पुण्याईची पोर हाय, मी सांगतो तुमास्नी." शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. श्यामलानं खाली बघितलं आणि तिच्या गालावर लाली आली. आनंदाची होती ती, शाबासकीची.

कालिंदीला ओरडावंसं वाटलं. पुण्याई नाही ती, बायांनो, तुमचे डोळे फुटले का? पण ओरडली असती तर पुढं सांगणार काय होती, कुणाच्या तोंडानं? मग तिला एकच सुचलं. सवाष्ण खाते तसं कुमारिका खाते. तर मग खा.

तिनं मोठा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. पोळी गरम होती, जायफळाची, आणि इतकी चांगली होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास. तिसरा. आमटी तिनं वाटी उचलून घटाघटा प्यायली, हनुवटीवर ओघळली. अंगात कुठंतरी एक बाई किंचाळत होती, थांब, थांब, काय करतेस, अकरा वर्षं… तिच्याकडं कालिंदीनं लक्ष दिलं नाही, किंवा दिलं आणि तरी घास घेतला. सुनेनं दुसरी पोळी वाढली, तिनं हात आडवा केला नाही. झुंबरबाई नुसत्या बघत राहिल्या आणि मग त्यांचे डोळे भरून आले, आज देवी जेवली म्हणाल्या. जेवू दे देवीला. माझं लक्ष शेजारच्या ताटाकडं होतं. बघ, शामे. मी खातेय. आई खातेय. आता तू.

तिनं मान वळवली.

श्यामला तिच्याकडंच बघत होती. खात नव्हती. आईच्या हनुवटीवरच्या ओघळाकडं, तुपानं माखलेल्या बोटांकडं, भरलेल्या गालाकडं बघत होती. ती नजर कालिंदीनं ताबडतोब ओळखली. लग्नाच्या पंगतीत झुंबरबाईंकडं तिनं स्वतः असंच बघितलं होतं. तीत किळस होती, आणि तिच्या खाली, पोरीला स्वतःलाही कळलं नसेल असं, जिंकल्याचं समाधान होतं. श्यामलानं आपल्या ताटावर उजवा हात आडवा धरला आणि सुनेला म्हणाली, "मला पुरे."

ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. दोघी निघाल्या तेव्हा पाऊस थांबला होता, तरी कालिंदीनं छत्री उघडली. पोटात पोळ्या होत्या, जड, गरम. एरवी दोन घास जास्त गेले तरी घरापर्यंतची वाट तिला धड दिसत नसे. घामानं अंग भिजायचं, हे पोट आता चारचौघांना दिसतंय असं वाटायचं, काय करू आणि काय नको व्हायचं. आताही ती त्याचीच वाट बघत चालली होती. येईल, पुढच्या वळणावर येईल… श्यामला दोन पावलं पुढं चालत होती. पाठीवरचं पोलकं खांद्याच्या हाडांवर टेकलं होतं, मधे हवा होती.

"शामे, भूक नाही लागली तुला?"

"तुझ्याएवढी नाही."

ती मागं वळून म्हणाली नाही. उद्धटपणानंसुद्धा म्हणाली नाही. सरळ, जशी गोष्ट आहे तशी सांगितली. दाराशी आल्यावर चपला काढताना मात्र तिनं आईकडं पाहिलं, जरा कीव आल्यासारखं, आणि समजूत घालावी तसं म्हणाली की उद्या शनिवार आहे, उद्या आपण दोघी उपास धरू, म्हणजे आजचं निघून जाईल.

"मी नाही धरणार उद्या," कालिंदी म्हणाली. तिनं दाराची चौकट धरली.

"मग मी एकटी धरीन."

आणि पोर आत गेली, पाय न वाजवता, मान ताठ ठेवून. बैठकीतून नृसिंहचा आवाज आला, काय काय होतं गं जेवायला? आणि श्यामलाचा आवाज, तोच, गोड आणि दमलेला, सगळं होतं बाबा, खूप जेवले. नृसिंह शाबास म्हणाला.

कालिंदी दारातच उभी राहिली. हातात ओटीचा नारळ, पदराला तुपाचे हात पुसलेले. राग आला होता. कुणाचा ते तिला नीट ठरवता येईना: झुंबरबाईंचा, त्या स्टँडवरच्या हसणाऱ्या मित्रांचा, आत शाबासकी देणाऱ्याचा, सगळ्या वारांच्या सगळ्या देवांचा… एकेकावर राग ठेवून पाहिला, कुठंच बसेना, फिरून तिच्याकडंच येत होता. ज्या घामाची ती वाट बघत होती तो आलाच नव्हता. पोळ्या पोटात होत्या आणि त्या काढून टाकाव्यात असं आत्ता, ह्या मिनिटाला तरी, तिला वाटत नव्हतं. संध्याकाळी वाटेल. उद्या सकाळी तर नक्कीच वाटेल, सकाळी आरशासमोर काय होईल ते तिचं तिला चांगलं माहीत होतं. पण ही पोर मऊ आवाजात, शहाण्यासारखी, रोज नाही म्हणणार होती, महिनोन्महिने, आणि त्या नाहीसमोर रोज बसून राहायला अंगात ताकद लागणार होती. ती आपल्यात नाही, हे कालिंदीला अकरा वर्षांत पहिल्यांदा उमगलं आणि तिला फार भीती वाटली. आतून नृसिंहनं विचारलं की दारात का उभी आहेस, बरं वाटत नाही का?

"नाही वाटत बरं," ती म्हणाली, आणि आत आली.